चौदा जणांची यादी

हरण्याच्या बहुतेक गोष्टी आपल्याला जिंकलेली माणसं सांगतात. ‘मीसुद्धा एकदा नापास झालो होतो’ असं स्टेजवरून सांगणारा पाहुणा नेहमी कुठलातरी मोठा अधिकारी असतो. नापास होऊन तिथंच राहिलेल्या माणसाला वार्षिक संमेलनाला कुणी बोलावत नाही. त्यामुळं अपयश म्हणजे यशाच्या आधीचं एक प्रकरण, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

सायकलिंगमधलंच उदाहरण घेऊ. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ नावाची एक शर्यत आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत, साधारण ४८०० किलोमीटर, आणि एकट्या स्वाराला मुदत १२ दिवसांची. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून ती पूर्ण केली. नाशिकमध्येच असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ २०१६ मध्ये एकटे उतरले, पण त्यांना ती पूर्ण करता आली नाही. २०१७ मध्ये ते परत गेले आणि बारा दिवसांच्या आत पोचले. ही शर्यत एकट्यानं पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती एकट्यानं पूर्ण केली.

ही माहिती मी खूप वेळा वाचली आहे. दर वेळी २०१६ हे वर्ष एका वाक्यात संपतं आणि पुढच्या वाक्यात २०१७ येतं. पण गोकुलनाथ सायकलवरून उतरले त्या क्षणी २०१७ नव्हतं. त्यांच्यापुढं फक्त २०१६ होतं. त्या दिवशी त्यांना काय वाटलं असेल, हे मला आता २०१७ बाजूला ठेवून वाचायचंय. कारण माझ्याकडं सध्या फक्त माझं २०१६ आहे, आणि ते ४८०० किलोमीटरचं नाही. जेमतेम पावणेदोन किलोमीटरच्या फेरीचं आहे, तेही इब्रामपूरच्या मळ्यात.

आधी सायक्लोक्रॉस म्हणजे काय, ते सांगते. हा शब्द ऐकून आमच्या माईला, म्हणजे माझ्या आजीला, वाटलं की मी सायकलवरून खुर्साची वाट करणार आहे. तसं नाही. युरोपात, विशेषतः बेल्जियम आणि हॉलंडमध्ये, हिवाळ्यात हा खेळ जोरात चालतो. गवत, चिखल, वाळू, चढ-उतार अशी एक छोटी फेरी आखायची आणि साधारण तासभर तिच्यावर गोल गोल फिरायचं. सायकल दिसायला रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलसारखी, पण टायर खाचांचे. मोठ्या स्पर्धांत त्यांची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. वाटेत मुद्दाम फळ्या उभ्या करतात, ४० सेंटिमीटरपर्यंत उंच. तिथं बहुतेक जण उतरतात, सायकल उचलतात, उडी मारतात आणि पुन्हा बसतात. चढ फारच उभा असला तर सायकल खांद्यावर घेऊन पळतात.

माईचा प्रश्न साधा होता. “खांद्यार घेवन धांवचें जाल्यार सायकल कित्याक?”

या प्रश्नाला शंभर वर्षांत कुणी नीट उत्तर दिलेलं नाही. फ्रान्समध्ये १९०२ मध्ये या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ऑक्ताव्ह लापीझ हा स्वार हिवाळ्यात सायक्लोक्रॉस खेळायचा. त्यानं १९१० मध्ये टूर द फ्रान्स जिंकली आणि मग या चिखलातल्या खेळाकडं बाकीच्यांचं लक्ष गेलं. पहिलं जागतिक अजिंक्यपद १९५० मध्ये पॅरिसला झालं आणि ते जिंकलं जाँ रोबिकनं, ज्यानं १९४७ ची टूर जिंकली होती. म्हणजे मोठमोठी माणसं सायकल खांद्यावर घेऊन पळालेली आहेत. माईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “आमचो पोदेर पावसांत तेंच करता.” तेही खरंच. पावाची पाटी मागं बांधलेली सायकल पाणंदीतल्या चिखलातून उचलून काढणारा पोदेर आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्याला कुणी पदक दिलं नाही, एवढाच फरक.

मला या खेळाचं वेड माझ्या भावानं लावलं. आमच्याकडच्या अनेक घरांतून पूर्वी जायचे तसा तो पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला. तिथं एका गोदामात काम करतो. एका रविवारी एका बागेत त्यानं ही शर्यत पाहिली आणि मला व्हिडिओ पाठवला. त्यात पन्नाशीच्या बायका चिखलात पडत होत्या, उठत होत्या, हसत होत्या. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘हें आमच्या मळ्यांत जावंक शकता.’ पुढच्या वेळी गावचा एक जण सुट्टीवर आला, त्याच्याबरोबर ३३ मिलिमीटरचे दोन टायरही आले. म्हापशात सेकंडहँड घेतलेल्या माझ्या हायब्रिड सायकलला ते बसले. सायकल चौदा किलोची. तिकडच्या खऱ्या सायक्लोक्रॉस सायकली आठ किलोच्या आसपास असतात.

इब्रामपूर पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. शापोरा नदी याच भागातून वाहते. वरच्या अंगाला महाराष्ट्रात तिलाच तिळारी म्हणतात. चांदेल, हसापूर, हळर्ण ही आजूबाजूची गावं. बाजाराला दोडामार्ग जवळ. हा मुलूख कधीकाळी सावंतवाडीकर भोसल्यांचा होता, आणि बोलण्यात अजून मालवणी, कोंकणी, मराठी अशी तिन्ही पाणी मिसळतात. वर जांभ्याचा कातळ आणि काजूची टेकडी, खाली भाताचा मळा. सायक्लोक्रॉसच्या फेरीला जे जे लागतं ते सगळं इथं फुकट आहे. भावाच्या मित्रांनी जानेवारीतल्या एका रविवारी शर्यत ठरवली. स्पर्धेला नाव नव्हतं, बॅनर नव्हता. शेतमालकांना विचारून भात कापलेल्या कुणग्यांतून, मेरांवरून आणि टेकडीच्या पायवाटेवरून लाल-पांढरी फीत लावली. काजूच्या तोडलेल्या फांद्यांचे दोन अडसर केले. शेवटच्या फेरीची घंटा म्हणून लोखंडी रुळाचा तुकडा झाडाला टांगला, शाळेत असायचा तसला. मी शनिवारी संध्याकाळीच मिसला जाऊन आले, म्हणजे रविवारची सकाळ मोकळी.

आम्ही २२ जण उभे राहिलो. म्हापसा, पणजी, दोडामार्ग, सावंतवाडीकडचे मुलगे, बहुतेकांकडं माउंटन बाइक. मुली तिघी. वेगळी शर्यत घेण्याइतक्या आम्ही नव्हतो, म्हणून सगळ्यांची एकत्रच. वेळ ४५ मिनिटं. नियम खऱ्या सायक्लोक्रॉसचा घेतला होता. सगळ्यांत पुढचा स्वार तुम्हाला एक फेरी मागं टाकून गाठतोय असं झालं, की तुम्ही बाहेर.

या नियमामागं कारण आहे. वाट अरुंद असते. पुढं जिंकण्यासाठी झुंजणाऱ्या दोघांच्या मधे एक फेरी मागं असलेलं माणूस आलं, तर शर्यतीचा निकाल त्याच्यामुळं बदलू शकतो. शिवाय फेरी छोटी असल्यामुळं तासाभरात वाट सगळ्यांनी भरून जाते आणि मग कोण कितव्या फेरीत आहे ते पंचांनाही कळत नाही. मी हा नियम शर्यतीच्या आधी वाचला होता. तेव्हाही पटला होता, आजही पटतो. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढं जे सांगणार आहे ती तक्रार नाही.

पहिली फेरी बरी गेली. टेकडीवरच्या कोरड्या तांबड्या मातीत माझे टायर छान धरत होते. उतारावर मी दोघांना मागंही टाकलं. प्रश्न खालच्या कुणग्यांचा होता. शेजारच्या वायंगणाच्या शेताला पाटाचं पाणी सोडलेलं होतं आणि ते रात्रीतून मेरेखालून झिरपून आमच्या वाटेवर आलं होतं. शेतकऱ्यानं पाणी शेताला द्यायचं की शर्यतीकडं बघायचं? त्याचं बरोबरच होतं. आयोजक तर खूश झाले. चिखल नसलेलं सायक्लोक्रॉस म्हणजे मीठ नसलेलं हुमण.

पण भातशेतातला चिखल हा काही तो बेल्जियमचा फोटोतला चिखल नव्हे. चिकण माती, त्यात भाताची धसकटं आणि पेंढा. वरून टेकडीवरची तांबडी धूळ चाकाला लागून यायची ती त्यावर बसायची. पूर्वी मातीच्या भिंतींना गिलावा करायचे तो याहून वेगळा नसावा. माझ्या सायकलचे ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे, म्हणजे व्ही-ब्रेक. टायर आणि ब्रेक यांच्यामधे जागा अगदी कमी. दुसऱ्या फेरीत त्या चिमट्यात गिलावा भरला आणि मागचं चाक फिरेनासं झालं. डिस्क ब्रेक असलेले लोक त्याच चिखलातून ढकलत, शिव्या देत का होईना, पुढं गेले. मी बोटांनी माती काढली, दहा हात गेले, परत भरली. मग सायकल खांद्यावर घेतली.

व्हिडिओत हे फार देखणं दिसतं. उजवा खांदा वरच्या दांड्याखाली, हात खालून पुढं नेऊन हँडल धरलेलं, पावलं छोटी आणि भराभर. मीही तसंच केलं. पण चौदा किलोच्या सायकलला चिखल लागला की ती किती किलोची होते, हे कुणी व्हिडिओत सांगत नाही. मोठ्या स्पर्धांत मातेओ व्हान डर पूलसारख्या स्वाराला दर अर्ध्या फेरीला धुतलेली दुसरी सायकल मिळते. त्याची माणसं पाण्याचे फवारे घेऊन उभी असतात. माझ्याकडं फवारा नव्हता. मेरेवर उभी असलेली माई होती, आणि तिच्या हातात पाण्याची बाटली होती. ती मला पिण्यासाठी होती. मी ती ब्रेकवर ओतली.

चौथ्या फेरीला नुकती लागले होते तेव्हा मागून शिट्टी ऐकू आली. पुढचा स्वार जवळ आला की आयोजक शिट्टी वाजवायचे. मी बाजूला झाले. दोडामार्गकडचा मुलगा अगदी हलका, जणू चिखल त्याला लागतच नाही असा, माझ्याजवळून गेला. जाताना “थँक्यू गो” म्हणाला. मागोमाग भावाचा मित्र चालत आला. त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं. म्हणाला, “जालें गो, भायर यो.”

घड्याळात २९ मिनिटं झाली होती.

फितीखालून वाकून मी बाहेर आले आणि माईशेजारी उभी राहिले. पाय दुखत नव्हते. श्वास नीट होता. मला वाईट याचंच वाटलं. दमून संपले असते, पडून काही मोडलं असतं, तर शरीरानं तरी सांगितलं असतं की आता पुरे. माझ्या अंगात अजून सोळा मिनिटं शिल्लक होती आणि ती खर्च करायला वाट नव्हती. थोड्या वेळानं लोखंडी रुळावर घंटा वाजली. शेवटची फेरी. बाकीच्या दोन्ही मुली त्या फेरीत होत्या. मी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. आणि घशात आवंढा होता तोही खराच होता.

निकालाचा कागद एका स्कूटरच्या सीटवर ठेवून लिहिला गेला. १४ नावं. दोघांची चाकं पंक्चर झाली होती, सहा जणांना माझ्यासारखं बाहेर काढलं होतं. आम्हा आठ जणांची नावं कागदावर नव्हती. कुणी वाईट हेतूनं केलं नाही. निकाल म्हणजे ज्यांनी पूर्ण केली त्यांची यादी, इतकं सरळ होतं.

तेवढ्यात इंग्लंडहून मेसेज आला. तिकडं पहाट होती. तो रात्रपाळी करून येऊन जागा राहिला होता. ‘नंबर कितलो?’

मी पंधरा मिनिटं त्या दोन शब्दांकडं बघत राहिले. शेवटची आले असते तर ‘१५’ लिहिलं असतं, पुढं जीभ बाहेर काढलेला चेहरा टाकला असता, तो हसला असता. शेवटचा नंबर हाही नंबरच असतो. टूर द फ्रान्समध्ये तर शेवटच्या स्वाराला ‘लाल कंदील’ म्हणतात. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लावायचे त्या दिव्यावरून. बेल्जियमचा विम व्हान्सेव्हेनांत २००६, २००७, २००८ असा सलग तीन वर्षं शेवटचा आला आणि त्यासाठी लोक त्याला अजून ओळखतात. शेवटच्या माणसाला लोक प्रेम देतात. कारण तो पोचलेला असतो. गाडीतून अर्ध्या वाटेत उतरवलेल्या माणसाला कंदील मिळत नाही.

शेवटी मी लिहिलं, ‘नंबर ना. २९ मिनिटांनी भायर काडलें.’ त्यानं फोन केला. दोघंही फारसं बोललो नाही. त्यानं टायर कसे होते विचारलं. मी म्हटलं, वर टेकडीवर मस्त होते. मग तो म्हणाला, “म्हाका मळो दाखय.” मी व्हिडिओ चालू करून फोन हळूहळू फिरवला. मेर, पाट, काजूची टेकडी, आमच्या घराचं छप्पर. तो काही बोलला नाही आणि मीही त्याचा चेहरा बघायचं टाळलं. त्या क्षणी कळलं की तो माझ्या नंबरासाठी जागा राहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात मात्र सगळ्यांना एकच विचारायचं होतं. काय चुकलं? हवा जास्त भरली होती? सकाळी काय खाल्लंस? सराव कमी पडला? दुसऱ्या वर्षाला आपण अ‍ॅरिस्टॉटल शिकलो. शोकांतिकेतल्या नायकाच्या हातून एखादी ‘हॅमार्शिया’ घडावी लागते, काहीतरी चूक, आणि तिच्यापायी तो कोसळतो. मला वाटतं, आपण सगळे नकळत अ‍ॅरिस्टॉटलचे विद्यार्थी आहोत. कुणी हरलं की आधी त्याची हॅमार्शिया शोधायला लागतो. सापडली की आपल्यालाच बरं वाटतं, कारण मग जग हिशेबात बसतं. तो चुकला म्हणून हरला, मी चुकणार नाही.

मीही शोधून पाहिली. चार महिने पहाटे उठून म्हापशाच्या चढांवर सराव केला होता. टायर योग्य होते, हवा योग्य होती. पाटाला पाणी आलं हे शेताच्या हिताचं होतं. नियम न्याय्य होता. पुढचा मुलगा वेगवान होता, आणि त्यानं थँक्यूही म्हटलं. सगळ्यांचं बरोबर असताना मी हरले. अशा गोष्टीचं नाटक होत नाही. पण आपल्यातल्या कितीतरी जणांचे कितीतरी दिवस असेच जात असणार. मुलाखत चांगली झाली, पण जागा एकच होती. कविता चांगली होती, पण अंकात पानं उरली नव्हती. इथं कुणाला माफ करायचं नसतं आणि कुणाकडून शिकायचंही फारसं नसतं. वाईट मात्र वाटतं, आणि ते वाटू द्यावं. ‘यातून काय शिकलीस?’ हा प्रश्न जरा उशिरा विचारला तरी चालतो. किंवा नाही विचारला तरी चालतो.

शर्यत संपल्यावर बहुतेक जण चहा आणि पाव-भाजी खाऊन गेले. फीत गोळा करायला आम्ही चौघं राहिलो. मी हातावर फीत गुंडाळत पूर्ण फेरी पायी केली. वर टेकडीवर चाकांच्या खुणा एकमेकींवरून गेलेल्या होत्या, कोणती कुणाची ते कळत नव्हतं. खालच्या कुणग्यात आले तेव्हा चाकांच्या खुणा थांबल्या आणि बुटांचे ठसे सुरू झाले. इतके, की जमीन दिसेना. तो दोडामार्गचा मुलगासुद्धा इथं उतरला होता. सगळेच उतरले होते. हे बघून मला बरं वाटलं, असं लिहायचा मोह होतोय. पण खरं सांगायचं तर तेवढ्यानं बरं वाटलं नाही. उतरलो सगळेच, हे खरं. परत बसून पुढं गेले ते चौदा, हेही खरं. मी दोन्ही खरं धरून फीत गुंडाळत राहिले.

सायकल सध्या माईच्या पडवीत आहे. चिखल वाळल्यावर तो खरवडायला मला अख्खी एक दुपार लागली. ब्रेक बदलायचे तर किती खर्च येईल ते विचारून ठेवलंय, पण पैसे अजून नाहीत. पुढच्या जानेवारीत शर्यत होईल की नाही, ते कुणीच ठरवलेलं नाही. तोवर मी एमएसाठी कुठं असेन, तेही माहीत नाही.

संपादकांनी विचारलं, पुढच्या वर्षी शर्यत पूर्ण करून मग लिहिलं तर जास्त छान होणार नाही का? मी म्हटलं, नको, आत्ताच घ्या. पुढं कधी माझा नंबर आलाच, तर हा दिवस मला असा सांगता येणार नाही. मग त्यालाही लोक एका वाक्यात आटोपतील, आणि कदाचित मीसुद्धा.